दोन सेकंदांची शांतता

१

सकाळी दहाला टपालमावशी आपल्या टेबलावर ढीग लावायला बसायची. गेम खेळणाऱ्या लोकांनी जे काही लिहून पाठवलं असेल ते कागदावर छापायचं, वाचायचं आणि तीन ढिगांत टाकायचं, एवढंच तिचं काम. पहिला ढीग शिव्यांचा, दुसरा शंकांचा, तिसरा शाबासकीचा. कॉम्प्युटरवरच का वाचत नाहीस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "शिवी हातात धरून वाचली की तिचं वजन कळतं."

त्या आठवड्यात पहिला ढीग चहाच्या थर्मासएवढा उंच झाला होता.

'सातवा तळ' हा गेम तीस वर्षांपूर्वीचा. माणूस एकटाच एका परक्या ग्रहावर उतरतो, जमिनीखाली बांधलेल्या रिकाम्या वस्तीत शिरतो आणि एकेक दार उघडत फिरतो. बंदूक नाही, शत्रू नाही. इथे राहणारे लोक गेले कुठे, एवढंच शोधायचं. ज्यांनी तो लहानपणी खेळला त्यांना आता टकलं पडली होती, पण गेमवरचा जीव काही कमी झाला नव्हता. म्हणून कंपनीनं तोच गेम नवा करून काढला. चित्रं नवी, उजेड नवा, आवाज मात्र जुनेच, पण धुऊन पुसून घेतलेले. ते धुण्याचं काम जिनं केलं तिला ऑफिसात सगळे आवाजवाली म्हणत. चाळिशी ओलांडलेली, बोलायला तिखट, कामाला चोख.

आणि हे जुने आवाज मुळात केले होते ते तिच्याच बाबांनी. पत्र्यावर बूट आपटून पावलं, फ्रीजचं दार उघडून यानाचं दार, बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारून ग्रहावरचा वारा. सगळं घरातल्या मागच्या खोलीत, एका टेपरेकॉर्डरवर.

"ऐक," मावशी म्हणाली आणि तिनं वरचा कागद उचलला. "'भिंती बघितल्या, छान. पाणी बघितलं, छान. मग मला एवढं एकटं का वाटतंय? काय काढून घेतलंत तुम्ही?'"

"एकट्याचाच गेम आहे तो," आवाजवाली म्हणाली. "एकटं नाही वाटणार तर काय वरात निघाल्यासारखं वाटणार?"

"पुढचा ऐक. 'ज्याच्या भरवशावर मी तो अंधारा जिना उतरायचो, त्याला तुम्ही हाकलून दिलंत. लाज वाटू द्या.' आणि हा बघ. यात एकच ओळ आहे. 'तो कुठे आहे?'"

"कोण तो?"

"मला काय विचारतेस? असे चाळीस कागद आहेत. प्रत्येकजण त्याच्यावरूनच भांडतोय."

आवाजवालीनं कागद हिसकावून घेतले. वाचता वाचता तिची कानशिलं तापली. सहा आठवडे तिनं मान मोडून काम केलं होतं. चार हजार आवाज एकेक करून स्वच्छ केले होते. आणि ही माणसं, जो गेममध्ये कधी नव्हताच, त्याच्या नावानं तिला शिव्या घालत होती.

तेवढ्यात मुकादम आला. तो या कामावरचा मुख्य. सगळ्यांच्या मानेवर बसून काम करून घ्यायचा म्हणून पाठीमागे त्याचं हे नाव पडलं होतं. त्यानं दोन कागद चाळले आणि हसला.

"म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत हो या. घराला नवा रंग दिला तरी यांना रडू येतं. आठ दिवसांत गप्प बसतील."

२

ते गप्प बसले नाहीत. आणि आवाजवालीलाही राहवेना. राग आला की ती तो कामावर काढायची. जेवणाची सुट्टी सोडून तिनं बाबांची जुनी टेप पुन्हा लावली. या लोकांना एकदा दाखवूनच द्यायचं होतं, की बघा, जुन्यातसुद्धा कुणी नव्हतं.

आवाज साफ करायची एक रीत असते. आवाज भरून घेतला की त्यात खोलीची स्वतःची घरघर येतेच. पंख्याची, तारांची, भिंतींची. मग टेपमधला असा एक तुकडा शोधायचा जिथे काहीच चाललेलं नाही, आणि तो यंत्राला ऐकवायचा. सांगायचं की हा मळ आहे, हा जिथे जिथे दिसेल तिथून काढून टाक. यंत्र इमानी असतं. ते विचारत नाही.

बाबांच्या टेपमध्ये असा तुकडा शोधायला फारसे कष्ट पडत नसत. काम सुरू करण्याआधी टेप चालू करून ते मुकाट उभे राहायचे. "आधी खोलीला बोलू द्यावं," म्हणायचे. त्या उभं राहण्यातलेच दोन सेकंद आवाजवालीनं उचलले होते आणि त्या दोन सेकंदांनी चार हजार आवाज धुऊन काढले होते.

आता तिनं तेच दोन सेकंद घेतले आणि आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला.

पंखा होता. तारांची घरघर होती. आणि त्यांच्याखाली एक श्वास आत गेला, आणि बाहेर आला.

लांब, मोकळा, तरण्या माणसाचा श्वास.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या कुणाच्या हे पहिल्या फटक्यात ध्यानात आलं असतं. पण ती त्या श्वासाच्या शेजारच्या खोलीत लहानाची मोठी झाली होती. भिंतीपलीकडून तो रोजच यायचा. तिच्या कानांना शांतता म्हणजे तेच वाटत होतं.

म्हणजे लोक खरंच बोलत होते. जुन्या गेममध्ये प्रत्येक पावलाखाली, प्रत्येक दारामागे, वाऱ्याच्या पोटात तो होता. अंगावरून जायचा, कुणाला कळायचा नाही, पण सोबत असायचा. तिनं त्याला मळ म्हणून काढून टाकलं होतं.

"गाढव," ती स्वतःला म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकून म्हणाला, "मी काय केलं?"

३

घरी पोचली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि बाबा खुर्चीत बसून तिच्याच वाटेकडे डोळे लावून होते. भांडायला. नवा गेम त्यांनी शेजाऱ्यांच्या मुलाकडून मागून घेतला होता आणि चार दिवस त्यावर धुमसत होते.

"आलीस? ये. आवाजांना आंघोळ घालून आलीस?"

"बाबा, चप्पल तरी काढू द्या."

"माझा वारा कुठाय? तो वारा करताना माझे ओठ सुजले होते. तुझी आई आठ दिवस हसत होती. आणि तू त्याची पार इस्त्रीची घडी केलीस! कुणी सांगितलं होतं एवढं पुसायला?"

"कामच आहे माझं ते."

"मग काम बदल!"

आवाजवालीही काही कमी नव्हती. "तुम्हाला माइकपासून लांब उभं राहायला काय झालं होतं? सगळ्या टेपभर श्वास सोडून ठेवलाय! मी निस्तरत बसायचं?"

"मग काय श्वास न घेता काम करायचं? मेलेल्या माणसाला बोलवायचं होतंत!"

आणि इथे ती थांबली. बाबा एवढे ओरडले होते. एवढं ओरडलं की त्यांची छाती वाजायची. गेली दहा वर्षं त्यांच्या छातीत एक बारीक शिट्टी होती, पत्र्याच्या फटीतून वारा यावा तशी. सकाळी उठल्या उठल्या भिंतीपलीकडून ती शिट्टी ऐकायची आणि रात्र कशी गेली ते ओळखायचं, हा आवाजवालीचा रोजचा नेम. चहा टाकायचा की आधी औषध द्यायचं, हे त्या शिट्टीवर ठरायचं.

आज सकाळी तिनं ती ऐकली होती का? काल? गेम बाजारात आला त्या दिवसापासून सकाळी उठून ती थेट कामाच्या रागातच बुडालेली असायची. तिला आठवेना.

ती खुर्चीजवळ गेली. बाबांची छाती वरखाली होत होती. नाकपुड्या हलत होत्या. तिनं कान त्यांच्या तोंडाशी नेला. गालाला गरम वारा लागला. आवाज नव्हता.

"काय हुंगतेस?"

"बाबा, तुमची शिट्टी?"

"गेली," ते म्हणाले, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा खूश दिसले. "चार दिवस झाले. छाती कशी मोकळी झालीय. तेवढं तरी बरं झालं म्हण की."

तरी तिनं त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नळी कानाला लावली, छातीवर ठेवली, पाठीवर ठेवली. नळीवर टिचकी मारली. दुसरी नळी आणली. मग कपाळाला आठी घालून तीच नळी त्यांनी आवाजवालीच्या छातीवर ठेवली आणि मान हलवली.

"तुमचं येतंय."

"आणि यांचं?"

बाईंनी बाबांच्या बोटाला चिमटा लावून यंत्रावरचे आकडे बघितले. आकडे उत्तम होते. "हवा जातेय, येतेय. ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या, आणि उगीचच रागावल्या. "दवाखाना भरलेला असताना ठणठणीत माणसाला कशाला आणता हो?"

वाटेत बाबा हसत होते. हसू ऐकू येत होतं. हसण्याच्या मधमधली धाप मात्र कापून काढल्यासारखी.

आवाजवालीनं स्वतःला समजावलं. शिट्टी थांबते. ऋतू बदलला की थांबते. नळ्या बिघडतात. गेमचा इथे काय संबंध? ती शिकलेली बाई होती. रात्री तिनं भिंतीला कान लावला आणि असल्या गोष्टी स्वतःला सांगत सकाळ केली.

४

सकाळी टपालमावशीच्या टेबलावर चौथा ढीग होता.

"हे कशात टाकू ते कळेना," मावशी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "वाच तूच." आवाजवाली मोठ्यानं वाचू लागली.

"'बायकोच्या घोरण्याला मी वीस वर्षं शिव्या दिल्या. तुमचा गेम घरात आल्यापासून ती घोरत नाही. रात्री तीनदा उठून तिला हलवून बघावं लागतं. काय केलंत तुम्ही?'

'मी खेळतो त्या खोलीत बाळ झोपतं. मला त्याचा श्वास ऐकू येत नाही. नाकाशी आरसा धरतो. आरशावर वाफ येते. तुमच्यातल्या कुणाला मूल आहे का?'

'कुत्रं धापा टाकतंय, जीभ बाहेर आहे. नुसतं चित्र बघितल्यासारखं वाटतंय. कुत्रं ओरडतंय ते त्याच्या स्वतःवरच.'

'काही खोल्यांमध्ये तो अजून अर्धा उरलाय. कुणीतरी त्याचं तोंड दाबून धरल्यासारखा. हे त्याहून वाईट आहे.'"

आवाजवाली कागद घेऊन मुकादमाकडे गेली. त्यानं फक्त शेवटचा वाचला.

"हे मला माहीत आहे. काही ठिकाणी मळ उरलाय. मी सकाळीच बसून काढलाय. तुमचा तुकडा फार छोटा होता. मी बारा सेकंदांचा घेतला. आता काही म्हणजे काही उरणार नाही. आपल्या मशीनवर चढवलाय, जेवणानंतर सगळ्यांना जाईल."

"कुठले बारा सेकंद?"

"त्याच टेपचे. सुरुवातीचे."

ती टेप तिला पाठ होती. शांत उभं राहून झालं की बाबा रेकॉर्डरकडे वाकायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हां, चालू." ते बाराव्या सेकंदाच्या आत होतं.

"त्यात त्यांचा शब्द आहे," ती म्हणाली.

"मग? तोही जाईल की. उलट बरंच."

तिनं तिथल्या तिथे, मुकादमाच्याच टेबलावरचा फोन उचलून घरी लावला. दोनदा वाजला. उचलला गेला. पलीकडे खिडकीबाहेरची गाडी ऐकू आली, भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

"बाबा?"

घड्याळ.

"बाबा, बोला. मी आहे. काहीतरी बोला."

खुर्ची करकरली. फोनची तार कशाला तरी घासली. कुणीतरी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला. बाबा चिडले की असंच करायचे, आणि मग तोंड रिसीव्हरला चिकटवून बोलायचे. तिनं वाट बघितली. त्यांच्या दाढीचे खुंट रिसीव्हरवर खरखरत होते, वर खाली, वर खाली. बोलणाऱ्या माणसाचे खरखरतात तसे.

आवाजवालीनं फोन मुकादमाच्या कानाला लावला. "ऐका."

"लागलाच नाही," तो म्हणाला.

"लागलाय. ते बोलतायत."

"अहो, कुणीच नाहीये."

"नीट ऐका! ते ओरडतायत!"

मुकादमानं ऐकलं. मग त्यानं फोन खाली ठेवला आणि हात पँटीला पुसला.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "वडिलांची तब्येत बघा. हे मी बघतो."

"तुम्ही काहीही बघायचं नाही. आधी तुमचं मशीनवरनं उतरवा. मग ती टेप जशी आहे तशी परत घालायची. मळासकट. चार हजारच्या चार हजार."

"वेड लागलंय का? सहा आठवड्यांचं काम! वर काय सांगू मी?"

"सांगा आवाजवालीनं केलं. सांगा तिला काढून टाकलं." ती त्याच्या खुर्चीत बसलीच. "माझ्या बापाला तुम्ही मळ म्हणून फेकता, आणि त्याची सुरुवात मी केली. सरका!"

सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं. मुकादम दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे झाला. त्यानं तिचा हात धरला नाही. त्याची नजर सारखी फोनकडे जात होती.

आवाजवालीनं जुने आवाज एकेक गठ्ठा करून परत चढवले. तासभर लागला. सगळ्यांना पाठवायची शेवटची कळ तिनं टेबल हलेल एवढ्या जोरात दाबली.

५

अर्ध्या तासात मावशीचा छापखाना धावायला लागला.

"'आला! दुसऱ्या जिन्यावर भेटला. इतके दिवस कुठे दडवून ठेवला होतात, हरामखोरांनो?'" मावशी रडत हसत वाचत होती. "'माझा भाऊ आणि मी हा गेम एकत्र खेळायचो. भाऊ आता नाही. आज परत दोघं होतो. तुम्हाला माफ करणार नाही, पण उपकार झाले.' अगं, शाबासकीसुद्धा शिव्या घालूनच देतायत!"

आवाजवालीनं घरी फोन लावला. एकाच रिंगमध्ये उचलला गेला.

"मघाशी बहिरी झाली होतीस का?" बाबा कडाडले. "घसा फुटेपर्यंत ओरडतोय मी!"

ती खुर्चीत मागे टेकली. एवढं गोड तिला कुणी कधी ओरडलं नव्हतं. "आले," ती म्हणाली. "अर्ध्या तासात आले."

ती पर्स उचलून निघाली तशी मावशीनं एक कागद पुढे केला. हसू मावळलं होतं. "हा एक राहिला. कशात टाकू?"

'गेम बंद केला. कॉम्प्युटर बंद केला. तो थांबत नाहीये.'

"असले दोन आलेत," मावशी म्हणाली.

"शंकांमध्ये टाका," आवाजवाली म्हणाली, आणि जिना उतरली.

६

दुपारचे तीन वाजले असतील. बसमधून उतरून ती जवळजवळ पळतच घरी आली. बाहेर लख्ख ऊन. दाराला किल्ली लावतानाच तिला तो ऐकू आला, दाराच्या पलीकडून, स्पष्ट. आत गेला. बाहेर आला. तिनं कपाळ दाराला टेकलं आणि दोन मिनिटं नुसता ऐकला.

बाबा खुर्चीत होते. समोर टेबलावर पाण्याचा ग्लास, मांडीवर वर्तमानपत्र.

"आलीस? बस. भांडण अर्धवट राहिलंय आपलं."

"भांडू ना," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. डोळे भरले होते म्हणून तिनं मान खाली घातली. खोलीभर तो श्वास होता. केवढा मोकळा! शिट्टीचा मागमूस नाही. डॉक्टरीणबाईंनी आता ऐकायला हवं होतं, तिला वाटलं.

"लक्ष कुठाय तुझं? मी म्हणतोय, माझा वारा..."

"परत घातला, बाबा. सगळं जसंच्या तसं परत घातलं."

"घातलास?" ते जरा निवळले. "मग ठीक. ओरडून ओरडून घसा कोरडा पडला बघ."

त्यांनी ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. ते पाणी असंच प्यायचे, न थांबता, एका दमात. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, वर गेली. घोट घोट घोट.

आणि खोलीत श्वास आत गेला. बाहेर आला.

आवाजवालीनं मान वर केली. ग्लास अजून तोंडालाच होता. अर्धा झाला होता. घाटी हलत होती.

आत गेला. बाहेर आला.

तितकाच लांब. तितकाच. कुठेही अडखळला नाही. आधीचा आणि हा, यांच्यात केसाएवढाही फरक नव्हता, आणि याच्यानंतरच्यातही नव्हता. तो खुर्चीतून येत नव्हता. थोडा बाजूनं येत होता, मागच्या खोलीच्या दाराकडून, उभ्या माणसाच्या उंचीवरून. दार अर्धं उघडं होतं. तिकडे बघायला तिची मान वळेना. डोळ्याच्या कडेला तिथला उजेड किंचित अडलेला दिसत होता. कुणीतरी काम सुरू करण्याआधी मुकाट उभं राहावं, तसा.

बाबांनी ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मिशा पुसल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि त्यांनी तिच्याकडे रागानं बघितलं.

"पळत आलीस ना? जरा दम खा आधी. केवढ्यानं श्वास घेतेयस!"

तिनं तोंडावर हात दाबला होता. मघापासून तिनं श्वास घेतलाच नव्हता.